बिल्ला झाकला तर गाडी कुणाची ते सांगता येईल का?

आडगिऱ्हाईक
मंडळी, गाडी बदलायची आहे म्हणून सध्या पाहणं चालू आहे. पाच-सहा कंपन्यांच्या मधल्या आकाराच्या एसयूव्ही लागोपाठ बघितल्या आणि आता फोटो समोर ठेवूनही कुठली कोणाची ते चटकन सांगता येत नाही. वर बारीक डोळ्यांसारख्या दिव्यांच्या चिरा, खरे हेडलाइट खाली बंपरात दडवलेले, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी, चाकांभोवती काळं प्लास्टिक, खिडकीखालची रेघ मागे चढत गेलेली. आडनावं वेगळी, लेकरं एकाच आईची.

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'वारा'. विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून गाडी तपासतात त्या बोगद्यात, टाकली की प्रत्येक गाडी तशीच होऊन बाहेर येते म्हणे. मला हे पुरतं पटत नाही. वारा सगळ्यांना सारखाच हे मान्य, पण मागच्या लाल पट्टीचा वाऱ्याशी काय संबंध? काळ्या प्लास्टिकचा काय संबंध? तेव्हा प्रश्न असा की यात नाइलाज किती आणि नक्कल किती? जाणकारांनी उजेड पाडावा. 'चष्मा बदला' हे उत्तर घरातून मिळालेलं आहे, ते सोडून बोला.

भोचक
चष्मे तरी कुठे वेगळे दिसतात हल्ली?

रातकिडा
वाट बघतोय. हा धागा शंभरी गाठणार.

वाऱ्यावरचा
वाऱ्याला आल्या आल्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, तेव्हा वकीलपत्र मी घेतो.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो विरोध तोडायला लागणारी ताकद आठपट. म्हणजे गावातल्या वेगाला जी गोष्ट नगण्य असते तीच हमरस्त्यावर इंधनातला मोठा वाटा खाते. या विरोधात दोन गोष्टी येतात. एक, गाडीचा समोरून दिसणारा एकूण आकार. दोन, त्या आकाराभोवतून हवा किती सुरळीत वाहते ते, म्हणजे ड्रॅग कोएफिशंट, हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. आता लोकांना वाटतं नाक टोकदार केलं की काम झालं. प्रत्यक्षात मागची बाजू जास्त त्रास देते. हवा गाडीला चिकटून हळूहळू खाली यायला हवी, मध्येच सुटली तर मागे भोवरे होतात आणि ते गाडीला मागे खेचतात. म्हणून छत पुढून उंच, मागे उतरतं आणि शेवटी झटक्यात कापलेलं. १९३०च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने हे कापलेलं शेपूट मांडलं. लांबच लांब निमुळती शेपटी न लावता बराचसा फायदा पदरात पडतो.

हे सगळं तेव्हाच माहीत होतं. १९३४ साली चेकोस्लोव्हाकियात टाट्रा ७७ आली, त्याच वर्षी अमेरिकेत क्रायस्लरची एअरफ्लो आली. एअरफ्लो लोकांना भयंकर वाटली आणि सपशेल पडली. त्यानंतर अनेक वर्षं गाड्या पुन्हा आपल्या मनासारख्या डबड्या राहिल्या, कारण इंधन स्वस्त होतं. १९७३च्या तेलसंकटानंतर मात्र हिशेब बदलला. १९८२ साली ऑडीची '१००' नावाची गाडी ड्रॅगचा ०.३० हा आकडा घेऊन आली आणि कंपनीने तो आकडा जाहिरातीसारखा मिरवला. काचा पत्र्याच्या पातळीत बसवलेल्या, कडा गोल. त्याच वर्षी फोर्डची सिएरा आली, लोकांनी तिला जेलीचा साचा म्हणून चिडवलं. दहा वर्षांत सगळे तसेच दिसायला लागले.

सगळ्यात ढळढळीत पुरावा हवा असेल तर २००३ची दुसरी प्रियस आणि २००९ची दुसरी होंडा इनसाइट बाजूने बघा. दोन कंपन्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी, पण उद्देश एकच, म्हणून कडेने दिसणारी आकृती जवळपास एकच. शार्क मासा आहे, डॉल्फिन सस्तन प्राणी आहे, दोघांचं नातं चाळीस कोटींहून जास्त वर्षं लांबचं, तरी पाण्याने दोघांना एकच अंग दिलं. यात कुणी कुणाची नक्कल केली?

आडगिऱ्हाईक
शार्क-डॉल्फिन आवडलं. पण डॉल्फिनच्या शेपटीला लाल पट्टी नसते. माझा प्रश्न तिथेच आहे.

जुनं_ते_सोनं
वकीलसाहेब काही म्हणोत, मला तर हा सगळा हिशेबनिसांचा कारभार वाटतो. बीटल घ्या, सित्रोएनची २सीव्ही घ्या, १९५५ची डीएस घ्या, साब घ्या, १९५९ची मिनी घ्या. भिंतीवर नुसती सावली पाडली तरी पोरगंसुद्धा नाव सांगेल. आणि डीएस काही वाऱ्याला घाबरत नव्हती, ती तर पाण्यासारखी निसटायची! म्हणजे वाऱ्याचं ऐकूनही वेगळं दिसता येतं. तेव्हा एक माणूस गाडी ठरवायचा, आता समिती ठरवते. समितीने घोडा करायला घेतला की उंट बाहेर पडतो असं म्हणतात, इथे उंटही पडत नाही.

वाऱ्यावरचा
डीएसचा मुद्दा चांगला आहे, काका. तिची मागची चाकं झाकलेली होती आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा अरुंद होता. आजच्या गिऱ्हाइकाला मागे तीन माणसं बसवायची आहेत आणि डिकीही मोठी हवी. तिथेच घोडं अडतं.

शंकेखोर
जुनं ते सोनं काका, आदर राखून असहमत.

तुम्ही जी नावं घेतलीत ती जगली-वाचलेली आहेत. आठवणीत राहिलेल्या पाच गाड्यांची आजच्या रस्त्यावरच्या पन्नास गाड्यांशी तुलना करणं हा अन्याय आहे. त्या काळातली सामान्य गाडी बघा की.

१९५९ सालची ऑस्टिन केंब्रिज, तिचीच बहीण मॉरिस ऑक्सफर्ड आणि १९६० सालची प्यूजो ४०४ यांचे फोटो शेजारी ठेवा. इंग्लंड आणि फ्रान्स, वेगळ्या कंपन्या, वेगळी इंजिनं. तरी तोच चेहरा, तेच मागे पंख. कारण तिन्हींचं रेखाटन इटलीतल्या एकाच घरातून आलं होतं, पिनिनफरीना. त्यांनी ही खोड पुढेही सोडली नाही. १९८७ साली प्यूजो ४०५ आणि अल्फा रोमिओ १६४ अशा आल्या की धाकटी-थोरली म्हणून खपाव्यात.

हे एकाच दुकानातून आलेलं झालं. आता उघड उचलेगिरी बघा. १९४८च्या कॅडिलॅकला मागे छोटे पंख आले, लॉकहीडच्या पी-३८ विमानावरून सुचलेले. दहा-अकरा वर्षांत अमेरिकेत सगळ्यांना पंख फुटले आणि १९५९ साली मर्सिडीजसारख्या गंभीर कंपनीच्या गाडीलाही ते आले. वाऱ्याचा इथे काडीचा संबंध नव्हता.

आणि माझं सर्वात आवडतं उदाहरण. १९५९च्या अखेरीस शेवरोलेची कोरव्हेअर आली. तिच्या कमरेला चारही बाजूंनी फिरणारी एक ठळक धार होती, पट्टा बांधल्यासारखी. मग १९६१ची जर्मन एनएसयू प्रिन्झ ४ बघा, १९६३ची ब्रिटिश हिलमन इम्प बघा, सोव्हिएत झापोरोझेत्स ९६६ बघा. सगळ्यांच्या कमरेला तोच पट्टा. शीतयुद्ध चालू होतं, पण पट्ट्याला कुणी अडवलं नाही.

तेव्हा 'पूर्वी गाड्या वेगळ्या दिसायच्या' हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणत आलेली आहे. गाड्या आपापल्या काळासारख्या दिसतात, आपापल्या कंपनीसारख्या नाही.

जुनं_ते_सोनं
एवढी माहिती डोक्यात ठेवून झोप कशी लागते हो तुम्हाला? प्रिन्झ आणि इम्पचे फोटो पाहिले. पट्टा आहे खरा. पण त्या दोघी मला तरीही वेगळ्या दिसल्या.

शंकेखोर
कारण तुम्हाला त्या आवडतात. :)

पाना_बारा
गॅरेजवाल्याचं दोन ओळींत ऐका. सारख्या दिसतात कारण बऱ्याचदा त्या सारख्या *असतात*.

२००५ सालची टोयोटा आयगो, सित्रोएन सी१ आणि प्यूजो १०७. तिन्ही चेक प्रजासत्ताकातल्या कोलीन गावात एकाच कारखान्यातून बाहेर पडायच्या. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडही तशाच जुळ्या. त्याआधी ब्रिटिशांनी तर कळस केला होता. १९६२च्या मॉरिस ११००ला पुढे ऑस्टिन, एमजी, वुल्झली, रायली, व्हँडन प्लास असे आणखी पाच मुखवटे चढले. गाडी एक, ग्रिलं सहा.

आता काम जरा हुशारीने होतं. फोक्सवॅगनचा २०१२चा एमक्यूबी प्लॅटफॉर्म, म्हणजे अनेक गाड्यांना मिळून केलेला खालचा सांगाडा, घ्या. त्यात पुढचा अ‍ॅक्सल आणि पेडल यांच्यातलं अंतर पक्कं ठरलेलं, बाकी लांबी-रुंदी ओढून-ताणून बदलता येते. त्यामुळे स्कोडा, सिआट, ऑडी, फोक्सवॅगन वरून वेगळ्या, पण पुढचं चाक आणि दरवाजा यांची मांडणी एकच. डोळा तेच आधी टिपतो, पण आपल्याला ते कळत नाही. वाटतं काहीतरी ओळखीचं आहे.

आतल्या मालाचं तर विचारूच नका. दिवे कोइतो, हेला, वालेओ अशा मोजक्या ठिकाणांहून येतात. झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यूतही सापडेल, जॅग्वारमध्येही आणि रोल्स-रॉइसमध्येही.

भोचक
'दोन ओळींत ऐका' म्हणून तीन परिच्छेद. गॅरेजचं बिलही असंच येतं.

पाना_बारा
बिलात लेबर वेगळं लावतो.

नीरजा_क
वारा झाला, प्लॅटफॉर्म झाला, कायद्याचं कुणी नावच घेईना. मी वाहनसुरक्षेच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं लांबेल.

चालणाऱ्या माणसाला गाडी धडकते तेव्हा पाय बंपरवर, मग कंबर बॉनेटच्या कडेवर आणि शेवटी डोकं बॉनेटवर किंवा काचेच्या तळाशी आपटतं. बॉनेटचा पत्रा मऊ असतो, त्याने जीव वाचू शकतो. पण पत्र्याखाली लगेच इंजिनाचा लोखंडी गोळा असेल तर पत्रा दबायला जागाच उरत नाही. म्हणून इंजिन आणि बॉनेट यांच्यात मोकळी जागा सोडावी लागते. युरोपने २००३ साली यासाठी नियम केले, ते २००५पासून नव्या मॉडेलांना लागू होऊ लागले. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर जागतिक नियम आला. परिणाम काय? बॉनेट वर गेलं, नाक बोथट झालं. बॉनेट वर गेलं म्हणून खिडकीखालची रेघही वर गेली, नाहीतर गाडी बाजूने बेढब दिसते. रेघ वर गेली की दारांचा पत्रा उंच होतो, आणि तो उंच पत्रा जड वाटू नये म्हणून चाकं मोठी लागतात. एका मोकळ्या जागेपायी सबंध गाडीचं अंग बदललं!

उघडझाप करणारे हेडलाइट आठवतात? ते असलेल्या शेवटच्या गाड्या, कोरव्हेट सी५ आणि लोटस एस्प्री, २००४ साली बंद झाल्या. नव्याने कुणी तसे दिवे आणले नाहीत. बॉनेटमधून ताठ वर आलेली टणक पेटी या नियमांत बसवायची कशी?

मग छत. अमेरिकेत पूर्वी छताला गाडीच्या वजनाच्या दीडपट भार सोसावा लागे. २००९च्या नियमाने तो वजनाच्या तिप्पट केला. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड झाले, खिडक्या लहान झाल्या. जुन्या गाडीत बसल्यावर काचेच्या पेटीत बसल्यासारखं मोकळं वाटतं ते याचमुळे. आणि उलटली तर काय होईल हा विचार तेव्हा फारसा कुणी करत नव्हतं.

लांबी-रुंदीचेही कायदे आहेतच. जपानच्या केई नावाच्या छोट्या गाड्या ३.४ मीटर लांब आणि १.४८ मीटर रुंद यापलीकडे जाऊच शकत नाहीत. आत जास्तीत जास्त जागा हवी तर चौकोनी खोकंच करावं लागतं, म्हणून सगळ्या कंपन्यांची खोकी सारखी. भारतात करसवलतीसाठी ४ मीटरची मर्यादा आहे, तिथेही छोट्या सेडानांच्या डिक्या कुऱ्हाडीने तोडल्यासारख्या दिसतात त्या यामुळेच.

रातकिडा
वाचनखूण साठवली. नीरजाताई, यावर वेगळा लेख लिहाच.

शंकेखोर
नीरजाताई, माहिती उत्तम, निष्कर्षाबद्दल शंका.

अमेरिकेत १९४०पासून नियम होता की हेडलाइट म्हणजे ठरलेल्या मापाचा सात इंची गोल सीलबंद दिवा, दोनच. १९५७-५८ला चार छोटे चालतील म्हटलं, १९७५ला चौकोनी चालतील म्हटलं. स्वतःच्या आकाराचा दिवा बसवायची मुभा १९८३ला मिळाली. म्हणजे त्रेचाळीस वर्षं गाडीचे *डोळे* कायद्याने एकसारखे होते! तरी त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांचे चेहरे आजच्यापेक्षा वेगळे वाटतात, हे काकाही मान्य करतील. आज दिव्याला हवा तो आकार देता येतो, एलईडी तर नखाएवढी असते, आणि सगळे मिळून तीच बारीक चीर काढतात. मग नियमाने सारखेपणा येतो हे गणित जुळतं कुठे?

नीरजा_क
जुळतं, कारण तेव्हाचा नियम एका *सुट्या भागाचा* होता. दिवा ठरलेला, तो कुठे बसवायचा, भोवती काय करायचं याला बरीच मोकळीक. आताचे नियम *जागा* अडवतात. बॉनेटखाली एवढी पोकळी, दारात एवढी जाडी, खांब एवढा भक्कम. भिंती कुठे येणार ते ठरल्यावर उरतं रंगकाम.

वाऱ्यावरचा
+१. आणि त्या ठरलेल्या भिंतींना मग आम्ही गोल करतो.

शंकेखोर
तुमच्याकडेच येतोय. वाऱ्याचंच चालत असतं तर एसयूव्ही रस्त्यावर आलीच नसती. उंच, रुंद, समोरून कपाटाएवढी. इंधनाची एवढी काळजी होती तर सगळं जग बुटक्या सेडानवरून उंच गाडीवर उड्या मारत का गेलं? याला वाऱ्याने नाही, गिऱ्हाइकाने ठरवलं म्हणतात.

वाऱ्यावरचा
गाडी कोणत्या *जातीची* हवी ते गिऱ्हाईक ठरवतं, हे मान्य. पण जात ठरली की त्या जातीत वारा सगळ्यांना एकाच कोपऱ्यात ढकलतो. कपाटच हवंय ना, मग कपाटाच्या कडा गोल करा, मागच्या काचेवर स्पॉयलर, म्हणजे हवा वळवणारी पट्टी, लावा, मागचे दिवे कोपऱ्यावर धारदार करा म्हणजे हवा तिथून स्वच्छ तुटेल. विजेच्या गाड्यांत तर हे आणखी कडक झालं, कारण कमी विरोध म्हणजे त्याच बॅटरीत जास्त अंतर. २०२१ची मर्सिडीज ईक्यूएस ड्रॅगच्या ०.२० आकड्यापर्यंत पोचली. लोक तिला गुळगुळीत गोटा म्हणाले. गोट्यालाही नदीनेच घडवलेलं असतं.

भोचक
वकीलसाहेब कवी झाले. धागा यशस्वी.

प्रेसशॉप
उशिरा आलो. कारखान्यात पत्र्याच्या डायवर, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यांवर, काम करतो, म्हणून एकच भर घालतो.

चित्रात कुठलीही रेघ काढता येते. पत्र्याला मात्र ताणून खोल न्यावं लागतं, आणि पत्रा एका मर्यादेपर्यंतच ताणला जातो. पुढे तो फाटतो, कमी ताणला तर सुरकुत्या पडतात. गाडीची पूर्ण बाजू, दोन्ही दारांच्या चौकटींसकट, एका अखंड पत्र्यात दाबली जाते. तिथे खोल वळण किंवा फार अरुंद कड म्हणजे आमची झोप उडाली. डिझायनरची चाकूसारखी धार आमच्यापर्यंत येते आणि आम्ही म्हणतो, साहेब, इतकी अरुंद नाही जमणार, अजून थोडी गोल करा. असं प्रत्येक कारखान्यात म्हणतात, कारण पत्रा जवळपास सारखा, प्रेस सारखे, आणि आम्ही तपासणी करतो ती सॉफ्टवेअरंही तीच ठरावीक.

दुसरं म्हणजे डायचा संच फार महाग असतो. एकदा केला की लाखो गाड्या निघाल्याशिवाय सुटत नाही. म्हणून गाडीचं 'नवं रूप' आणताना पत्र्याला शक्यतो हात लावत नाहीत. बंपर, ग्रिल, दिवे बदलतात. प्लास्टिकचा साचा त्या मानाने स्वस्त.

मृण्मयी
प्रेसशॉप, तुमच्या 'अजून थोडी गोल करा'ने आमच्याकडे किती जणांचे चेहरे उतरायचे ते आता कळू द्या. :)

मी काही वर्षं एका डिझाइन स्टुडिओत पूर्ण आकाराची मातीची मॉडेलं करायचे. संगणक असूनही हे काम चालू आहे, कारण पडद्यावर छान दिसलेली रेघ उजेडात फसते. फोमच्या सांगाड्यावर माती गरम करून थापायची, खरवडायची, वरून चकचकीत फिल्म ओढायची आणि दिव्याची झळाळी रेघेवरून कशी सरकते ते पाहत बसायचं.

आडगिऱ्हाईक, तुमच्या लाल पट्टीचं उत्तर इथे आहे. डिझायनरच्या हातात कोरी माती येतच नाही. आधी येतात ठरलेले बिंदू. बसणाऱ्याची कंबर इथे, डोळे इथे, धडकेचा बीम इथे, काचेचा तळ इथे. वर नीरजाताई आणि वाऱ्यावरचा जे सांगताहेत ते सगळं या बिंदूंत आधीच आलेलं असतं. बाजूने बघाल तर खेळायला काही सेंटिमीटर उरतात. मोकळं रान कुठे, तर पुढच्या आणि मागच्या तोंडाला. तिथे प्लास्टिक आहे आणि एलईडी आहेत. म्हणून प्रत्येक कंपनीला आपली ओळख तिथेच ओरडून सांगावी लागते. ग्रिलं अवाढव्य होण्याचं हे एक मोठं कारण. विजेच्या गाडीला मोठ्या ग्रिलची गरज नाही, तर तिथे बंद ग्रिल काढतात किंवा उजेडाची पट्टी ओढतात.

शंकेखोर
म्हणजे वेगळं दिसण्याची जागा सगळ्यांना एकच मिळाली आणि सगळ्यांनी तिथे एकच गोष्ट केली. तरी प्रश्न उरतो, पट्टीच का?

मृण्मयी
आता नाइलाज संपला आणि भीती सुरू झाली.

नवी गाडी बाजारात यायला तीन-चार वर्षं लागतात. आज घेतलेला निर्णय तेव्हा दिसणार. इतके पैसे अडकल्यावर वरिष्ठांना धीर हवा असतो. मग लोकांना बोलावून मॉडेल दाखवतात, बिल्ले काढून, प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांशेजारी. लोक काय निवडतात? ज्याची सवय आहे ते, जरासं नवं करून. फार वेगळं दिसलं की कपाळाला आठ्या. आणि या आठ्या खोट्या नसतात. १९९८ची फिआट मल्टिप्ला आठवा. पुढे तीन, मागे तीन अशी सहा माणसं बसायची, फार हुशार गाडी. काचेखाली दिव्यांचा एक गळपट्टा होता, तो बघून लोक हसत सुटले. २००४ साली तिला चारचौघींसारखा चेहरा दिला. फोर्डने १९९६ साली टॉरसमध्ये सगळीकडे लंबगोल घातले, मागची काचही लंबगोल. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सर्वाधिक विकली जाणारी कार हा मान टोयोटाच्या साध्यासुध्या कॅमरीकडे गेला. अशा गोष्टी प्रत्येक बैठकीत कुणीतरी काढतंच.

त्यात माणसं फिरती. ठरावीक चार-पाच शाळांतून सगळे शिकून येतात, मग या कंपनीतून त्या कंपनीत जातात. पीटर श्रायर ऑडी टीटीच्या कामातून नावारूपाला आले, २००६ साली कियात गेले आणि कियाच्या गाड्यांना ठसठशीत चेहरा आला. एकाने पट्टी लावली आणि ती रात्री लांबून उठून दिसली की दुसऱ्या स्टुडिओत दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवर लागलेला असतो.

जुनं_ते_सोनं
म्हणजे समिती हा माझा मुद्दा खरा ठरला! शंकेखोर, नोंद घ्या.

शंकेखोर
घेतली. मात्र समितीत गिऱ्हाईकही बसलंय, काका. तुम्ही-आम्हीच. जगभरात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त पांढऱ्या, काळ्या, करड्या किंवा चंदेरी असतात. रंगाला ना वारा आड येतो, ना पादचाऱ्यांचा कायदा. पुन्हा विकताना भाव यावा म्हणून आपणच तो निवडतो.

रातकिडा
माझी करडी आहे. मळ दिसत नाही. बस.

भोचक
अवांतर: सरळ सरळ चोरीचं काय? रेंज रोव्हर इव्होकसारखी हुबेहूब एक चिनी गाडी निघाली होती ना?

पाना_बारा
लँडविंड एक्स७. लांबून तर मलाही सांगावं लागलं असतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१९ साली बीजिंगच्या न्यायालयाने जॅग्वार लँड रोव्हरच्या बाजूने निकाल दिला, विक्री थांबवायला लावली. पण असे निकाल दुर्मीळ. 'काच तिरकी' किंवा 'छत उतरतं' यावर कुणाचा हक्क लागणार?

मृण्मयी
आणि उलटंही होतं. २००१च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजची डिकी वर दुसरं झाकण ठेवल्यासारखी होती. तिथले डिझाइनप्रमुख ख्रिस बँगल यांच्यावर लोक तुटून पडले. काही वर्षांत तशीच उंच बसलेली डिकी इतरांच्या सेडानांवरही दिसू लागली आणि कुणी काही बोललं नाही. पहिल्याने शिव्या खायच्या, बाकीच्यांनी फॅशन म्हणून घ्यायची.

नीरजा_क
एक वेगळीच बाजू. माझा भाचा सहा वर्षांचा आहे. रात्री समोरून गाडी येताना नुसत्या दिव्यांवरून कंपनी आणि मॉडेल सांगतो, चुकत नाही. त्याला या सगळ्या गाड्या एकसारख्या वाटतात का विचारलं तर त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

शंकेखोर
हे महत्त्वाचं आहे. ज्यात रस नाही त्या गोष्टी सारख्याच दिसतात. मला सगळे शास्त्रीय राग एकच वाटतात, त्यात गवयाचा दोष नाही.

आडगिऱ्हाईक
सगळ्यांचे आभार. अर्ध्या रात्री बसून सगळं वाचलं. माझ्यापुरता हिशेब असा लागला की गाडीचं धड नाइलाजाने सारखं आहे आणि तोंड धाकाने. आता व्यवहाराचं बोलू. दोन गाड्यांवर यादी आली आहे. एकीच्या विक्रेत्याने सांगितलं की दुसरीशी हिचा काही संबंध नाही, 'पूर्णपणे वेगळी गाडी आहे, सर'. खरं-खोटं बाहेरून कसं ओळखायचं?

पाना_बारा
सोपं आहे. ग्रिल, दिवे, बंपर, चाकं याकडे बघूच नका, तो सगळा मुखवटा. प्रेसशॉपने वर सांगितलंय तसं, जे बदलायला महाग तिथे बघा. पुढची काच आणि तिचा उतार. पुढची दारं, त्यांच्या खिडकीचा आकार, हँडलची जागा. छत. पुढच्या चाकाचा मध्य आणि दाराची कड यातलं अंतर. हे सगळं जुळलं तर आतून बहिणी आहेत असं धरून चाला. आयगो, सी१ आणि १०७ची पुढची दारं बघा म्हणजे कळेल. मग आत बसून काचा वर-खाली करायची बटणं आणि स्टीअरिंगमागच्या दांड्या बघा, तिथे कुणी खर्च करत नाही.

प्रेसशॉप
दाराच्या बिजागऱ्याही बघा. त्या सहसा कुणी बदलत नाही.

आडगिऱ्हाईक
बघून आलो. काच तीच, पुढची दारं तीच, बटणं तीच, बिजागऱ्याही त्याच. विक्रेत्याला एकेक दाखवलं. तो म्हणाला, "पण सर, आमचं दार लावल्यावरचा आवाज ऐका."

भोचक
मग? ऐकलात का?

आडगिऱ्हाईक
ऐकला. चांगला आहे हो. तीच घेतोय. करड्या रंगात.